वाघजाईवाडीचा ठसा

फडतरेबाईंनी दुधी मधोमध चिरला आणि विळी तशीच सोडून त्या मागे सरकल्या. आत पांढरा गर नव्हता. तपकिरी, चिकट, तार सुटणारं काहीतरी होतं आणि माळ्यावर उंदीर मरून पडल्यावर येतो तसा वास होता. त्यांनी त्यावर पातेलं पालथं घातलं, खिडक्या उघडल्या आणि हेमांगी जगदाळेला फोन लावला. कारण तो दुधी त्यांनी हेमांगीच्या सांगण्यावरून मागवला होता.

हेमांगी कराडच्या एसटी आगारात उद्घोषक होती. गाड्यांची घोषणा यंत्र करू लागल्यापासून तिला पार्सलच्या खिडकीवर बसवलं होतं, पण तिचा आवाज वाया गेला नव्हता. रोज सकाळी चहाच्या वेळी कराड, सातारा आणि पुण्यातल्या कितीतरी घरांत तो ऐकला जायचा. ती शिवारवार्तेची स्वयंसेवक होती.

शिवारवार्ता म्हणजे हौशी माणसांचा एक गट. पगार नाही, जाहिरात नाही. सुट्टीच्या दिवशी पाटण-कराडच्या गावांत हिंडायचं, कुणाच्या रानात काय तयार आहे, कोण फवारणी करत नाही, कुणी जुनं बियाणं जपलंय ते बघायचं आणि सकाळच्या छोट्या ध्वनिसंदेशात सांगायचं. ऐकणारे मग थेट त्या शेतकऱ्याकडून माल मागवायचे. बाजारातल्या, कुठून आल्या ते न कळणाऱ्या भाज्यांना लोक कंटाळले होते. हेमांगी घेवड्याच्या शेंगेबद्दल बोलायची ती अशी, की ऐकणाऱ्याला शेंग मोडल्याचा आवाज यावा.

पण नुसत्या गोड आवाजावर इतका विश्वास बसला नसता. तो बसला ठसामापकामुळे.

प्रत्येक खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू अगदी किंचित असतो. त्याचे काही अणू जड असतात, काही हलके, आणि जड-हलक्यांचं प्रमाण खडकागणिक वेगळं असतं. खडक झिजून माती होते, मातीतून ते पाण्यात उतरतं, मुळातून पानात चढतं, आणि या सगळ्या प्रवासात ते प्रमाण जवळजवळ बदलत नाही. पाण्याचंही तसंच. समुद्रावरून आलेला ढग जड पाणी आधी टाकतो, हलकं पुढे नेतो. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या झऱ्याचं पाणी आणि कराडच्या विहिरीचं पाणी आतून निराळं असतं. तिसरी खूण जिवाणूंची. एका बांधाच्या अलीकडची आणि पलीकडची जिवाणूंची वस्तीसुद्धा हुबेहूब सारखी नसते. या तिन्ही खुणा मिळून जे तयार होतं त्याला लोक ठसा म्हणू लागले. पूर्वी तो वाचायला खोलीभर यंत्रं लागत. आता चष्म्याच्या घराएवढं एक उपकरण पानाचा तिळाएवढा तुकडा जाळायचं, त्याच्या वाफेवर प्रकाश टाकायचं आणि नकाशावर बोट ठेवल्यासारखं सांगायचं, की हे पान या रानातलं.

ते उपकरण स्वस्तात सगळ्यांच्या हाती यावं म्हणून झटले ते निरंजन सबनीस. ते मृदाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि शिवारवार्तेचे संस्थापक. स्वयंसेवक त्यांना सर म्हणत आणि त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत. ठसामापक आल्यापासून मात्र रानात जायची गरज कमी होत गेली. शेतकरी नमुना पाठवायचा, ठसा जुळायचा, वार्ता जायची.

हेमांगी संध्याकाळी फडतरेबाईंकडे गेली. पातेलं उचललं आणि तिच्या तोंडात पाणी सुटलं, पण ते ओकारीच्या आधी सुटतं ते. तिने पदर नाकाला लावला, दुधीच्या सालीचा तुकडा उपकरणात घातला आणि थांबली. पडद्यावर हिरवी खूण उमटली. ठसा पूर्ण जुळत होता. नाव आलं वाघजाईवाडीच्या रणधीर शेडगे यांच्या रानाचं.

रणधीर शेडगे हा तिचा सख्खा थोरला भाऊ.

फडतरेबाई समजूतदार होत्या. एखादा नग नासतो, असं त्याच म्हणाल्या. हेमांगीने मान डोलावली, पण दुधी आतून असा नासलेला तिने आजवर पाहिला नव्हता. बाहेरून देठ हिरवागार, साल तुकतुकीत, आणि आत हे. घरी नवऱ्याने ताट वाढलं तेव्हा तिला त्या वासाने जेवण गेलं नाही. हात तीनदा साबणाने धुतले तरी बोटांना तो वास होताच.

रविवारी ती वाघजाईवाडीच्या गाडीत बसली.

ते रान म्हणजे डोंगराच्या कुशीत एकाखाली एक उतरणाऱ्या ताली. तिच्या वडिलांनी दगड रचून बांध घातले होते आणि पावसाने वाहून जाणारी माती त्या बांधांमागे वर्षानुवर्षं अडवली होती. वडील गेल्यावर हेमांगीने आपल्या हिश्श्यावरचा हक्क सोडला होता, आणि आनंदाने सोडला होता. दादा रान कसतोय, मग आपल्याला काय करायचंय वाटा घेऊन, असं ती म्हणाली होती.

वळणावर उतरून ती बांधावर चढली आणि उभीच राहिली.

रान नव्हतं. बांध होते, दगड होते, ताली जागच्या जागी होत्या, पण त्यांच्यातली माती नव्हती. सोलून काढलेल्या जनावरासारखा पिवळट, लालसर मुरूम उघडा पडला होता आणि त्यावर यंत्राच्या दातांचे लांबच लांब ओरखडे होते. वेल नाही, मांडव नाही, गवताची काडी नाही. एका कोपऱ्यात आंब्याचं झाड मुळं उघडी टाकून कललेलं होतं. चिमणीसुद्धा तिथे उतरत नव्हती.

याच रानातल्या दुधीची, घेवड्याची, काकडीची वार्ता तिने चालू हंगामात कितीदा सांगितली होती.

रणधीर घरीच होता. कांचनवहिनीने चहा केला. हेमांगीने विचारलं तेव्हा तो जराही चपापला नाही. माती विकली, म्हणाला. मृदासार नावाची कंपनी आहे, औद्योगिक वसाहतीत तिची मोठी शेड आहे. वरची हातभर माती ते ट्रकने नेतात, आपल्या झऱ्याचं पाणी टँकरने नेतात, आणि भाजी तिकडेच पिकवतात. राखण नको, वानर नको, डुकरं नकोत. वाडीतल्या आणखी चौघांनी दिली आहे. त्याला काही कमी नव्हतं आणि त्याने तसं भासवलंही नाही. कष्ट संपले, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"दादा, रान विकलंस तू."

"रान कुठं विकलंय? रान हितंच हाय. माती तेवढी दिली." त्याने बशीतला चहा संपवला. "आन हेमे, खरं सांगू? आपल्या मातीला भाव आला तो तुझ्या आवाजानं. वाघजाईवाडीचा दुधी, वाघजाईवाडीचा घेवडा, तूच रोज सांगत हुतीस. नायतर ह्या मातीला कोन विचारत हुतं?"

तो हे कौतुकाने म्हणत होता. हेमांगीने कप तसाच खाली ठेवला.

लपवण्यासारखं काही नाही, तूच बघ, असं म्हणत तो तिला आपल्या गाडीतून शेडवर घेऊन गेला. तिथे त्याची ओळख होती. एका पर्यवेक्षकाने दोघांना रबरी बूट दिले आणि हसतमुखाने आत नेलं.

आधी वास आला. पावसाळ्यात सुकट भिजावी आणि त्यावर लोखंडाचा गंज चढावा तसा. मग हौद दिसले. माती त्यांत टाकून सौम्य आम्लात दिवसरात्र घुसळत होते, म्हणजे तिच्यातले सगळे क्षार पाण्यात उतरतील आणि त्यांच्याबरोबर ठशाची पहिली खूण. पाणी झऱ्याचंच, म्हणजे दुसरी. तिसरी खूण मात्र जिवंत लागते. आम्लात जिवाणू मरतात, म्हणून थोडी माती आधीच बाजूला काढून तिच्यातले जिवाणू वेगळ्या हौदात वाढवत होते. त्यांना खाऊ म्हणून कोंबड्यांच्या कारखान्यातलं रक्त सोडलं जात होतं. पर्यवेक्षक हे सांगताना एखादी रुचकर पाककृती सांगावी तसा बोलत होता. शेवटी दोन्ही रस एकत्र करून वरच्या मजल्यावर सोडतात. तिथे जांभळ्या दिव्यांखाली वेलींच्या रांगा होत्या आणि त्यांची मुळं अंधाऱ्या पन्हळींत लोंबत होती. मुळं पांढरी नव्हती. त्यांवर तपकिरी बुळबुळीत थर होता.

हौदावर फेस येत होता. एक माणूस लांब झाऱ्याने तो काढून पिंपात टाकत होता. हेमांगीने वाकून पाहिलं. फेसात फिकट, फुगलेल्या, दोऱ्यांसारख्या गोष्टी तरंगत होत्या. गांडुळं होती ती. त्यांचा रंग पार उतरला होता. वडील नांगरटीच्या वेळी असं एखादं गांडूळ फाळासमोर दिसलं तर बैल थांबवून ते उचलून बाजूला ठेवायचे.

ती बाहेर धावली आणि भिंतीला धरून ओकली. रणधीर तिच्या पाठीवर हात ठेवायला आला. तिने तो हात झटकला.

दुधीच्या आतली ती घाण काय होती, हे पर्यवेक्षकाने मागाहून मोकळेपणाने सांगितलं. जिवाणूंना रक्त जास्त झालं की ते मुळातून आत शिरतात आणि फळ आतून सडतं. शंभरात एखादं. प्रमाण कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. रस काढून उरलेल्या मातीचं काय करता, असं हेमांगीने विचारलं. ती रस्त्याच्या भरावाला जाते, असं तो म्हणाला. तिच्यात आता काही राहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सबनीस सरांकडे गेली. बरोबर त्याच शेडमधला एक दुधी होता. पर्यवेक्षकाने भेट म्हणून दिलेला. सर हादरतील, सगळ्या स्वयंसेवकांना बोलावतील, असं तिला वाटलं होतं. तिने पाहिलेलं सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, की त्यांना हे ठाऊक आहे. कंपनीने त्यांचा सल्ला घेतला होता. यात फवारणी नाही, पाण्याचा अपव्यय नाही, वाहतूक तालुक्यातल्या तालुक्यात. टिकाऊ शेतीची जी जी लक्षणं आपण आजवर लोकांना सांगितली, ती सगळी यात बसतात.

"आणि माती, सर?"

"माती परत करता येते, हेमांगी. कंपोस्ट आहे, वेळ आहे. पण ठशात काही खोटं आहे का? तूच तपासलंस ना? ज्या मातीचं नाव सांगतो, तीच माती त्या भाजीत आहे. उलट, कुठल्याही रानातल्या भाजीपेक्षा जास्त आहे."

हेमांगीने टेबलावरची सुरी घेतली आणि दुधी चिरला. हाही आतून गेलेला होता; शंभरात एखादं म्हणे. तपकिरी पाणी टेबलावर पसरलं आणि खोलीत तो वास भरला. तिला वाटलं, आता तरी हे मागे सरकतील.

सर सरकले नाहीत. त्यांनी चमच्याने मधली घाण खरवडून काढली, सालीलगतच्या घट्ट गराची एक फोड कापली, तिच्यावर मीठ टाकलं आणि कच्चीच तोंडात घातली. ते सावकाश चावत होते. ओठाच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ हनुवटीवर आला, तो त्यांनी रुमालाने टिपला.

"चव बघ," ते म्हणाले. "आपल्या डोंगराची आहे."

ते नाटक करत नव्हते. त्यांना ती चव खरंच लागत होती. आयुष्यभर ज्या आकड्यांवर या माणसाने प्रेम केलं, ते आकडे जुळले होते आणि त्यांच्या जिभेला तेवढं पुरेसं होतं. हेमांगीला हौदाची आली नव्हती इतकी शिसारी त्या चावणाऱ्या जबड्याची आली. ती उठली आणि निरोप न घेता निघाली.

रात्री नवऱ्याने तिला समजावलं. भाऊ आहे, गावात त्याचं नाव आहे; वार्तेत सांगितलंस तर तुझं माहेर तुटेल. हे तिला कळत होतं. तिने सकाळी उठून खिडकी लावली आणि संदेश बोलायला घेतला. घेवड्याबद्दल बोलायची त्याच आवाजात तिने हौदांबद्दल सांगितलं, फेसाबद्दल, गांडुळांबद्दल, रक्ताबद्दल, सोललेल्या तालींबद्दल. रान कुणाचं, हे विचारायला लागू नये म्हणून भावाचं नावही घेतलं. शेवटी म्हणाली, की ठसा जुळतो, पण ठसा ज्याचा आहे ते रान आता नाही.

वार्ता गेली. तिला वाटलं होतं की गदारोळ होईल.  दुपारी निरोप येऊ लागले. काहींनी शी, घाण, असं लिहिलं आणि आपली मागणी रद्द केली. फडतरेबाईंनी फोन करून तिचे आभार मानले. पण बाकीच्यांचे प्रश्न वेगळे होते. रक्त वापरतात तर उपासाला चालेल का? रक्ताऐवजी सोयाबीनची पेंड वापरता येणार नाही का? सडलेला नग निघाला तर बदलून मिळतो का? एका पुण्याच्या गृहस्थांनी विचारलं, की एवढी माती उतरत असेल तर खनिजं भरपूर असतील, नाही का?

कंपनीने खुलासासुद्धा केला नाही. तिने हेमांगीचा संदेश उचलला, रक्ताचा, गांडुळांचा आणि गेलेल्या रानाचा भाग गाळला आणि राहिलेल्या आवाजावर आपलं नाव चढवलं. वाघजाईवाडीची अस्सल माती, थेंबाथेंबात, अशी ती जाहिरात होती. तक्रार करावी तर शब्द हेमांगीचेच होते. सबनीस सरांनी तिला गटातून काढलं नाही. त्यांनी फक्त निरोप पाठवला, की भावना समजतात, पण पुढच्या वेळी भाषा शास्त्रीय असावी. गट तिने स्वतःच सोडला. रणधीरने फोन करणं बंद केलं.

आणि मग शेतकऱ्यांचे फोन सुरू झाले.

पहिला आला तेव्हा तिला वाटलं, हा माणूस संतापला असेल. त्याला कंपनीचा पत्ता हवा होता. दुसऱ्याला माती किती खोल काढतात ते विचारायचं होतं. ज्यांच्या बांधावर बसून तिने भाकरी खाल्ली होती, ज्यांच्या बियाण्याचं तिने वार्तेत कौतुक केलं होतं, ते एकेक करून फोन करत होते, मऊ आवाजात, घरची विचारपूस करून. आगाराच्या खिडकीवर बसल्या बसल्या फोन वाजला की ती आधी कोण आहे ते बघायची.

एक फोन हौसाबाई मोळावड्यांचा आला. वाघजाईवाडीच्या वरच्या अंगाला त्यांचं रान होतं. एकट्या बाईने राखलेलं, काळ्या घेवड्याचं. म्हातारी कधी फोन करत नसे.

"पोरी, माज्या मातीचंबी येकदा सांग की तुज्या वार्तंत," हौसाबाई म्हणाल्या. "तुज्या आवाजात सांगितलं की भाव चढतो म्हनत्यात. उद्या कंपनीची मोटार माती बघाया यायची हाय."

 हेमांगीने विचारलं, की मोटार किती वाजता येणार. दुपारी, असं कळल्यावर तिने रजा टाकली आणि सकाळची पहिली गाडी पकडली.

हौसाबाईंना तिने उपदेश केला नाही. माझ्याबरोबर खाली चला, एवढंच म्हणाली. म्हातारी कुरकुरली, गुडघे दुखतात, रणधीरचं रान मला काय नवं आहे, म्हणाली. पण माती गेल्यापासून त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. लांबून नुसते बांध दिसायचे आणि बांध जागेवर होते.

तालीत उतरल्यावर हौसाबाईंनी सवयीने वहाणा काढल्या. पेरलेल्या रानात त्या वहाणा घालून कधी गेल्या नव्हत्या. दोन पावलं टाकली आणि थांबल्या. मुरमाचे खडे तळव्यांना बोचत होते. त्या वाकल्या, नखाने जमीन उकरून पाहिली. नख वाकलं, जमीन उकरली नाही. त्यांनी मुठीत घेण्यासारखं काही शोधलं, पण मूठ रिकामीच राहिली. आंब्याच्या उघड्या मुळांवर मुंगळ्यांची रांग लागली होती आणि साल आतून पोखरून भुसा पडत होता. तिथूनही किंचित कुजका वास येत होता.

वर घराच्या ओट्यावर रणधीर येऊन उभा राहिला. हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने नजर वळवली नाही, पण खालीही आला नाही.

हौसाबाईंचं तोंड आंबट झालं. त्यांनी घसा खाकरला आणि तिथेच थुंकल्या. मग दोघीही त्या थुंकीकडे बघत राहिल्या. ती जिथे पडली तिथेच राहिली. पसरली नाही, जिरली नाही. उन्हात तिच्यावरचे बुडबुडे एकेक करून फुटत होते.

"थुकीबी पीत न्हाई की गं ही भुई," हौसाबाई म्हणाल्या.

त्यांनी वहाणा पायात घातल्या, हेमांगीचा खांदा धरला आणि बांध चढू लागल्या. खालच्या वळणावर मोटारीचा आवाज यायला लागला होता.

"चल लवकर," त्या म्हणाल्या, "वाटंतच आडवी व्हते तिला."